खाडीकाठची सहावी नर्स

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अलिबागला जिल्ह्यातल्या नर्सबायांची बैठक होती आणि विषय होता, गावातल्या उपकेंद्रांत नर्स का टिकत नाहीत. मुंबईहून आलेले एक तरुण साहेब फळ्यावर खडूनं कारणं लिहून घेत होते. क्वार्टर गळकं, पाणी लांब, एस्टीचा भरवसा नाही, संडास नाही. सगळी कारणं खरी होती. मी त्यातल्या प्रत्येक कारणासाठी स्वतः रडले होते. मग मागून कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणालं, "या बाई एकाच गावात बारा वर्षांहून जास्त टिकल्यात, त्यांना विचारा की!"

साहेब खडू घेऊन माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही कशा टिकलात?"

मी उभी राहिले. म्हटलं, "क्वार्टर माझंही गळकंच होतं, साहेब." आणि खाली बसले. सगळ्या हसल्या. साहेबांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. त्यांची चूक नव्हती. खरं उत्तर पाच मिनिटांत सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि सांगायला गेले असते तर मला रडू आलं असतं. चारचौघींत रडणं मला आवडत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

मी मूळची कराडकडची. नर्सिंगचा कोर्स लग्नाआधी केलेला होता. नवरा होता, पण त्यानं दुसरा घरोबा केला होता. त्याच्याबद्दल इथे एवढं पुरे. पदरात दीड वर्षाची मुलगी होती. नोकरीचा अर्ज केला आणि ऑर्डर आली ती थेट कुलाबा जिल्ह्याची, उलव्याच्या अंगाला खाडीकाठच्या एका गावाची. मुलीला आईजवळ ठेवलं आणि एक ट्रंक, एक वळकटी घेऊन निघाले. पनवेलहून एस्टी जिथे सोडायची, तिथून मिठागरांच्या बांधावरून पाऊण तास चालायचं. एका बाजूला मिठाचे ढीग, दुसऱ्या बाजूला चिखल, आणि नाकात सुक्या मासळीचा असा वास की मी पदर नाकावरून काढलाच नाही. गावात शिरले तेव्हा ओट्यावर जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मान वर केली आणि आत हाक मारली, "अगो, सहावी आयली!"

माझ्याआधी पाच जणी येऊन गेल्या होत्या. गावाला त्यांची नावं आठवत नव्हती, खुणा आठवत होत्या. लांब वेणीची, रडकी, मिरजेची, चष्मेवाली आणि एक नुसतीच 'पलाली ती'. ही शेवटची म्हणे आठव्या दिवशी न सांगता निघाली होती; गावानं तिलाही बांधावर गाठून नारळ दिला. क्वार्टरच्या फडताळात त्या सगळ्यांचं काही ना काही शिल्लक होतं. एक मोडकी छत्री, स्टोव्हची पिन, अर्धवट विणलेला स्वेटर. मी ते बघितलं आणि पहिल्याच आठवड्यात, पेटी नीट उघडायच्याही आधी, बदलीचा अर्ज टाकला. सातारा जिल्ह्यात कुठेही चालेल, लहान मुलगी आहे, मेहेरबानी व्हावी. मला खात्री होती की फडताळात सहावी वस्तू माझीच असणार.

पहिले चार महिने मला काम नव्हतं. हे कुणाला खरं वाटणार नाही. दर बुधवारी आरोग्य केंद्रातून बर्फाच्या थर्मासमध्ये लशी यायच्या, नऊ ते बारा मी ओसरीवर सतरंजी टाकून बसायची, आणि ओसरीवर यायचा तो फक्त एक लंगडा कुत्रा. गावात बाळंतपणं व्हायची. बारशाला पेढा यायचा, तेव्हा मला कळायचं की अमक्या घरी मुलगा झाला. बाळंतपणाची माझी पेटी, ती कात्री, तो ट्रे, ते दोरे, सगळं लख्ख आणि कोरं. ती बाळंतपणं करायची गावची सुईण. सगळं गाव तिला बय म्हणायचं, म्हणजे आई. साठीची, काळीसावळी, दंडावर गोंदण, नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली. ती माझ्या दारावरून जायची तेव्हा हात जोडायची आणि न थांबता पुढे निघून जायची. मला वाटायचं, हीच माझी वैरीण.

आणि तरी गावाच्या मानपानाला काही कमी नव्हतं. सकाळी दारात पाण्याचे दोन हंडे भरून ठेवलेले असायचे. मी विहिरीवर गेले तर बायका हातातून घागर काढून घ्यायच्या. कुठेही गेलं की आधी खुर्ची यायची. अख्ख्या गावात खुर्च्या तीन, त्यातली एक सारखी माझ्या पुढे पुढे फिरत असायची. रोज कुणाकडून तरी ताटलीत झाकून मासळी. देशावरची माणसं आम्ही. मटण खाऊ, पण ती डोळे वटारून बघणारी मासळी माझ्याच्यानं खाववेना. मी ती गुपचूप कुत्र्याला घालायची. माझ्या ओसरीवर तो का येत होता, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

आईला पत्रात लिहायची, ही माणसं गोड बोलतात पण मला काडीइतकं मोजत नाहीत. सरकारी डायरीत लिहायची, 'लाभार्थी उपस्थित राहिले नाहीत.' मागची पानं चाळली तर पाचही जणींनी वेगवेगळ्या अक्षरांत हेच वाक्य लिहिलेलं होतं.

गाठ सुटली ती एका चिंबोरीमुळे, म्हणजे खेकड्यामुळे. एका सकाळी, अकराच्या सुमाराला, बय पहिल्यांदाच माझी पायरी चढून आली. उजव्या हाताचं बोट सुजून लालभडक झालेलं. चिखलात हात घालताना चिंबोरीनं धरलं होतं, चार दिवस अंगावर काढलेलं, आत पू झालेला. मी पाणी उकळलं, जखम मोकळी केली, धुतली, पट्टी बांधली. तिनं हूं की चूं केलं नाही. पट्टीकडे उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, "माझ्या सुनंला कला लागल्यान सकालपासून. ह्यो सडका हात मी तिला लावाची नाय. तू येशील का?" हे विचारताना तिची मान खाली होती. जणू मला भांडी घासायला बोलवत होती, इतकी ती संकोचली होती.

मी पेटी उचलली. बाळंतिणीच्या खोलीत पहिल्यांदा माझी कात्री उकळली गेली, दोरे उकळले गेले. बय माझ्या मागे उभी राहून एकेक गोष्ट बघत होती. "पानी किती येल उकलवाचा?" "हात कोपरापातुर कनाला धुवाचा?" मी सांगत होते, ती मान हलवत होती. पण एक गोष्ट मीही शिकले. मी सुनेला आडवं झोपवायला निघाले तर बयनं थांबवलं, तिला छताच्या आड्याला बांधलेला दोर हातात दिला, स्वतः पाठीशी बसली आणि तिच्या कानात हळूहळू काहीतरी बोलत राहिली. भीतीनं आखडलेली ती पोरगी सैल झाली. दुपारी दोनच्या आत मुलगी झाली, टाहो फोडून रडणारी. नाळ मी कापली, आंघोळ बयनं घातली.

नंतर ओट्यावर बसून काळा चहा पिताना मला राहवलं नाही. माझ्या स्वभावात गप्प बसणं नाही. म्हटलं, "चार महिने झाले मला येऊन. एकदाही का बोलावलं नाहीत? मला येत नाही असं वाटलं?"

बय माझ्याकडे बघतच राहिली. "अगो पोरी, तू सरकारची मानूस. गावाची पावनी. पावनीचे हात विटालात कोन घालतं?"

"आणि आधीच्या पाच जणी?"

"त्यांनाबी कदी नाय बोलावली," ती अभिमानानं म्हणाली. "मान ठेवला आमी त्यांचा."

मी आधी हसले. मग हसता हसता थांबले. पाच बायका चार भिंतींत बसून, आपण कुणाला नको आहोत अशी समजूत करून घेऊन निघून गेल्या; आणि गाव दर वेळी नारळ देऊन त्यांना बांधापर्यंत पोचवत होतं आणि मनाशी म्हणत होतं की आपण तर काहीच कमी केलं नाही, तरी ह्या राहत का नाहीत! मी बयला म्हटलं, "बय, मी पाहुणी नाही. मी काम करायला आलेय. मला बोलवा, नाहीतर मीही जाईन." तिनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी दारात पाण्याचे हंडे नव्हते. मी घागर घेऊन विहिरीवर गेले, आणि बायकांनी सरकून मला जागा करून दिली. चार महिन्यांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पण बुधवारी ओसरी तरीही रिकामीच. मी बयला विचारलं तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "तुजा बुधवार पान्याला कुटं ठाव हाय?" मग तिनं मला जे शिकवलं ते कुठल्या कोर्समध्ये नव्हतं. पुनव-अवसेच्या आसपास उधाणाचे दिवस. तेव्हा ओहोटी पहाटे, आणि चिखल लांबवर उघडा पडतो. बायका उजाडताना कालवं, शिवल्या काढायला उतरतात आणि तिथूनच पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जातात. दुपार टळेपर्यंत गावात बाई सापडायची नाही. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, चिखलात हाताला काही लागत नाही, आणि सगळ्या बायका घरी. "सुई टोचवाची तर भांगावर टोच," बय म्हणाली. "उधानावर देव आला तरी कोन बगनार नाय."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन्ही अष्टम्यांना गोल केले आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरसाहेबांना लिहिलं की लशी बुधवारी नकोत, अष्टमीला पाठवा. उत्तरात मेमो आला. शासकीय कामकाज तिथीवर चालत नाही, वेळापत्रक पाळावे. मी पण हट्टी. बुधवारी रिकाम्या ओसरीवर बसायची आणि डायरीतल्या त्या वाक्याखाली दर वेळी लिहायची, 'आज अष्टमी नाही. बायका बाजारात.' असे तीन-चार बुधवार झाल्यावर साहेब चिडून स्वतः आले, तेही मुद्दाम अष्टमीला, मला तोंडघशी पाडायला. लशींचा थर्मास मात्र बरोबर होता. बांधावरून चालून बूट चिखलात माखलेले, घामाघूम झालेले. ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. बायका, कडेवरची पोरं, रडारड, आणि मध्ये बय, एकेकीला दंडाला धरून माझ्यापुढे बसवत होती. साहेब बूट काढून आत आले. एका कोपऱ्यात बसून शेवटच्या पोरापर्यंत थांबले. निघताना खिशातून डायरी काढून विचारलं, "पुढची अष्टमी कधी?" मेमोचा विषय त्यांनी पुन्हा कधीच काढला नाही, आणि मीही नाही. आमच्या त्या साहेबांचे माझ्यावर फार उपकार आहेत. दुसरा एखादा असता तर मला नोटीस मिळाली असती.

अशा तऱ्हेनं कामाचं जमलं. माझं स्वतःचं जमत नव्हतं.

दिवाळीला रजा घेऊन घरी गेले. मुलगी आता तीन वर्षांची झाली होती. मी तिच्यासाठी पनवेलच्या बाजारातून लाल झगा नेला होता. तिनं तो घातला, मला हसून दाखवला, आणि माझ्या आईच्या मागे जाऊन लपली. तिसऱ्या दिवशी मी चुलीपुढे बसले होते. ती आईच्या मांडीवर होती. माझ्यासमोरच तिनं आजीला विचारलं, "आजी, ही पाहुणी कधी जाणार?"

आई म्हणाली, "अगं, आई ना तुझी!" आणि माझी नजर चुकवली. मी भाकरी थापत राहिले. पीठ कमी पडेपर्यंत थापत राहिले, इतक्या भाकऱ्या घरात कुणाला लागणार नव्हत्या.

परत आले ती राजीनामा द्यायचा ठरवूनच. बदलीच्या अर्जाला दीड वर्ष होऊन गेलं होतं, उत्तर नव्हतं. मुलीला गावात आणावं तर मी दिवसभर घराबाहेर. तिला बघणार कोण? शेतमजुरी करीन पण पोरीजवळ राहीन, असं ठरवलं. ओट्यावर कागद घेऊन बसले होते, तेवढ्यात बय आली. मी लपवलं नाही. पाहुणीची गोष्ट सांगितली. ती तिच्या मनाला लागली, कारण पाहुणी करून ठेवणं म्हणजे काय, ते आम्ही दोघी आता चांगलंच ओळखून होतो.

बय माझ्याजवळ टेकली. मग म्हणाली, "तुजी पोर हिकरं आन."

"आणि तिला बघणार कोण?"

"अगो, गावाची पोरां तू बगतंस. तुजी एक पोर आमाला जड हाय का?" आणि वर, "आता बालंतपनां तू करतंस. माजं हात रिकामंच हायत."

हे तिनं सहज म्हटलं. पण मला ते तेव्हाही सहज वाटलं नाही आणि अजूनही वाटत नाही. चाळीस वर्षं गावातलं प्रत्येक पोर तिच्या हातावर जन्मलं होतं. तो मान, तो शब्द, बारशाची पहिली साडी, सगळं आता माझ्याकडे येत होतं. मी तिचं काम घेतलं होतं. तिनं त्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही, उलट रिकाम्या झालेल्या हातांत माझी पोर मागितली. एवढ्या मोठ्या मनाचं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. त्या दिवशी तिच्या पाया पडायला हवं होतं. मी फक्त कागद फाडला.

मुलगी आली. पहिले आठ दिवस रडली, आजी हवी म्हणून. नवव्या दिवशी मी लसटोचणीहून परत आले तर बयच्या ओट्यावर ती आणि बयची नात, माझ्या हातावर जन्मलेली तीच नात, दोघी एका ताटलीत भात-कालवण खात होत्या. माझी पोर निवटी मासळीचा काटा जिभेनं बाजूला काढून माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, मस्त हाय!" महिन्याभरात तिचं 'आहे' संपलं आणि 'हाय' सुरू झालं. पानी, लोनी, आमी, तुमी. रोज दुपारी ती माझ्या ओसरीच्या पायरीवर येऊन बसायची आणि आलेल्या बायकांना मोठ्या ऐटीनं सांगायची, "माजी आय सुई टोचते, पन दुकत नाय." माझी आय. ते ऐकताना हातातली सुई क्षणभर थांबायची. बयच्या मागे लागून मीही मासे खायला शिकले. कुत्रा मात्र नाराज झाला.

दोन वर्षं गेली. खाडीपलीकडे बेलापूरच्या बाजूला नव्या शहराच्या इमारती वर येत होत्या. गावच्या बायका होडीनं पलीकडे जाऊन फ्लॅटमधल्या बायकांना कोळंबी विकायला लागल्या होत्या. त्यासाठी जमिनी ताब्यात घेण्याच्या नोटिसा येत होत्या, ओट्याओट्यांवर तीच चर्चा. तिकडे वाशीला दवाखाने निघत होते आणि नर्सना चांगला पगार देत होते. शेजारच्या उपकेंद्रातली माझी मैत्रीण तिकडे गेली. तिला मी दोष देत नाही. तिच्या गावाला बय नव्हती.

आणि मग, मी विसरून गेल्यावर, बदलीची ऑर्डर आली. सातारा जिल्हा, माझ्या माहेरापासून दोन कोसांवरचं उपकेंद्र. आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आई थकली होती, पत्रातून सारखी बोलवत होती. मुलगी शाळेच्या वयाची झाली होती. चार दिवसांत हजर व्हायचं होतं. मी ट्रंक भरायला घेतली. गावात बातमी पोचायला किती वेळ लागतो? संध्याकाळपर्यंत सगळे येऊन गेले. कुणीही 'जाऊ नका' म्हटलं नाही. पाच जणींना पोचवून झालेलं गाव ते. रीत सगळ्यांना पाठ होती. सकाळी गाव गोळा होणार, नारळ हातात देणार, बांधापर्यंत येणार. जाळं विणणारा तो म्हातारा तेवढा म्हणाला, "सातवी कवा येल, काय ठावं."

बय आली नाही. निरोप आला, सकाळी निघायच्या आधी घरी ये.

मी मुलीला घेऊन गेले. ओटा सारवलेला होता. मधोमध पाट, पाटाभोवती तांदळाच्या पिठाची रांगोळी. बयनं पाटाकडे बोट दाखवलं. मी आजूबाजूला नारळाचं ताट शोधत होते, जसं त्या पाच जणींना दिलं होतं तसं. ते नव्हतं. बय विधवा, म्हणून ती स्वतः भिंतीशी सरकून बसली आणि सुनेला म्हणाली, "भर." सुनेनं मला हळदकुंकू लावलं, नवं लुगडं हातात दिलं आणि सुपातून तांदूळ घेऊन माझी ओटी भरायला लागली. खण, सुपारी, हळकुंड, आणि ओंजळीमागून ओंजळ तांदूळ. त्यांच्या स्वतःच्या खारजमिनीतले, जाडे, लालसर. ती जमीन नोटिशीत होती. पुढच्या वर्षी तिच्यात भात लागेल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं.

तेव्हा मला समजलं. पाहुणीला नारळ देतात. ओटी भरतात ती लेकीची, सासरी निघालेल्या लेकीची. पदर जड होत गेला आणि माझे डोळे भरून आले. चारचौघींत रडणं मला आवडत नाही हे मी म्हटलंच आहे. त्या दिवशी त्याचा काही उपयोग झाला नाही.

माझी मुलगी बयच्या मांडीवर जाऊन बसली होती. ती माझ्या भरलेल्या पदराकडे बघत होती. मग बयच्या तोंडाकडे बघून तिनं विचारलं, "बय, आमी घराला कवा येवाचा?"

तिला घर म्हणून जे माहीत होतं, ते सोडून मी तिला घरी घेऊन निघाले होते. तिकडे गेल्यावर ती आणखी एकदा कुणाच्या तरी मागे लपून बसली असती, आणि या वेळी पाहुण्या आम्ही दोघीही असतो.

बयनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "ऊठ पोरी. येल झाला. दाने ठेव."

रीत सगळ्यांना माहीत आहे. माहेरून निघताना लेक ओटीतले चार दाणे परत ठेवते, माहेर भरलेलं राहावं म्हणून. सुनेनं रिकामं सूप पुढे धरलं. मी उठले, पदराची गाठ सोडली, आणि ओटीतले सगळे तांदूळ सुपात ओतले.

सून दचकली. काही दाणे सारवलेल्या जमिनीवर सांडले. बय भिंतीपासून पुढे सरकली.

"अगो, सगले नाय ठेवाचे," ती म्हणाली. "चार दाने ठेवाचे."

"माहीत आहे मला, बय," मी म्हटलं. आणि खाली बसून सांडलेले दाणेही वेचून सुपात टाकले.